छ्यामामा आणि चपलांचं गाणं

गाणं सुरू झालं की चार ओळींच्या आत मामांचं तोंड वाकडं व्हायचं. नासलेलं दूध चुकून तोंडात गेल्यावर होतं तसं. मग "छ्या!" म्हणून बोटाने पुढचं गाणं. पुन्हा चार ओळी, पुन्हा छ्या. मी त्यांच्या दुकानासमोर खोली घेऊन राहत होते, त्यामुळे सकाळी दात घासून होईपर्यंत आठ-दहा छ्या माझ्या कानावर पडलेले असायचे. जवळा बाजारात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. लहान-थोर सगळे छ्यामामा म्हणत आणि ते निवांत ओ देत.

मी तिथे आरोग्यसेविका होते. आसपासच्या चार गावांतली लेकरं टोचायची, बायकांची तपासणी करायची आणि सगळ्यांची बोलणी खायची, हे माझं काम. मामांचा धंदा मंडपातल्या साउंडचा. दोन उभे बॉक्स, एक जुना भोंगा, एक मशीन आणि एक माईक, त्याच्या तोंडाला मामीच्या जुन्या साडीचं फडकं गुंडाळलेलं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन वसमतला. मामा एकटे, दुकानात स्टुलावर बसलेले, काच तडकलेला मोबाईल कानाला लावून दुनियेला नावं ठेवणारे.

गाणी शोधायची त्यांची एक पद्धत होती. ती त्यांनी लपवली नव्हती, पण कुणी विचारतही नव्हतं. नेटवर ते कधी गाण्याचं नाव टाकत नसत, गायकाचं तर नाहीच. ते टाकायचे, 'माझा पहिलाच प्रयत्न'. नाहीतर 'चुकलं तर माफ करा'. नाहीतर 'स्वतः लिहिलं, स्वतः म्हटलं'. ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही तो माणूस आपल्या गाण्याखाली असंच काहीतरी लिहितो, हा त्यांनी लावलेला शोध. त्यातून शे-दीडशे गाणी वर यायची. हजार लोकांनी ऐकलेलं असलं की मामा ते सोडून द्यायचे. "त्याला आता आपली गरज न्हाई." सतरा जणांनी ऐकलेलं असलं आणि त्यातले दहा गाणाऱ्याचे भाऊबंद असतील असं वाटलं, की तिथे ते मांडी घालून बसायचे.

त्यातली बहुतेक गाणी भिकारच असत, हे मी स्पष्ट सांगते. कुणी नाकात गातोय, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, कुणी प्रेयसीच्या नावाने नुसतं रडतोय. मी म्हणायचे, "मामा, फुकटात मिळतं म्हणून काय वाट्टेल ते ऐकायचं का हो?" त्यावर ते चष्म्यावरून बघायचे. "सिस्टर, ज्यानं पैसे मागितले न्हाईत त्यानं गाणं कशासाठी म्हणलं असंल, इचार करा ना जरा." मी विचार करत नसे. मला डबा भरायचा असायचा.

पण कधीतरी चार ओळी व्हायच्या, आठ व्हायच्या, समोरून आवाज यायचा नाही. मी ब्रश तोंडात धरून खिडकीशी जायचे. मामा मान खाली घालून बसलेले असत. गाणं संपलं की एका बोटाने टाईप करत त्या माणसाला लिहीत, 'ऐकलं. दुसरं कडवं घाईत म्हणलं. सावकाश म्हणा. वाजवू का?' खाली आपलं नाव, जवळा बाजार, जिल्हा हिंगोली. कोकणातल्या एका रिक्षावाल्याला त्यांनी असं विचारलं होतं, वाशिमकडच्या एका कंडक्टरला विचारलं होतं. 'वाजवा' असं उत्तर आल्याशिवाय मामांनी कुणाचं गाणं कधी भोंग्यावर लावलं नाही.

वाजवायचे कुठे, तर लग्नात. सकाळी सतरंज्या अंथरत असतात, आचारी कांदे कापत असतो, वऱ्हाड अजून गाडीत असतं, तेव्हा साउंडवाल्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तो तास मामांचा. आता आमच्याकडे लग्नात आलेला आहेर भोंग्यावरून पुकारतात, अमुक गावचे तमुक यांच्याकडून नवरदेवाला भरपेहराव. ते पुकारायचं कामही मामांकडेच असे, आणि तोच सूर त्यांच्या तोंडात बसला होता. गाणं लावण्याआधीही ते तसंच पुकारायचे. "मुक्काम पोस्ट अमुक, तालुका अमुक, येथील श्रीयुत अमुक यांच्याकडून, गाणं!" आचारी हसायचा. मामांना त्याचं काही नव्हतं. "सिस्टर, गाणं म्हणणाराचं नाव न्हाई घेतलं तर ते गाणं चोरून आणल्यासारखं वाटतंय मला," असं म्हणायचे.

एवढ्यात डीजे आला. मला या प्रकाराची किळस आहे, आणि ती मी लपवत नाही. दवाखान्यावरून वरात जायची तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, ट्रेमधल्या सुया वाजायच्या, आणि दोन दिवसांचं लेकरू दोन्ही हात वर फेकून दचकायचं. बाळंतीण कानावर पदर दाबून बसायची. बाहेर गुटखा भरलेली तोंडं उघडी, भिंतीवर पिचकाऱ्या, आणि गाणं कसलं? गाण्यातले दोन-तीन शब्द कापून घ्यायचे आणि तेच ठोकत बसायचे, ठोकत बसायचे. लिहिलं कुणी, म्हटलं कुणी, याचा पत्ता नाही. शी! मामांचं काम त्यामुळे निम्म्याने गेलं. वरात डीजेची, मामांकडे फक्त मंगलाष्टकं आणि आहेर. तरी ते सकाळचा तास सोडत नव्हते.

अशातच त्यांना ते गाणं सापडलं. गाणारी आमच्याच भागातली, मी जिथे लस द्यायला जायचे त्यातल्याच एका गावची सून. तिचं नाव आणि गाव मी इथे लिहिणार नाही, का ते पुढे येईलच. घरात कुणी नसताना कोठीत बसून तिने मोबाईलवर ते म्हटलं होतं आणि नेटवर टाकून दिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'मीच लिहिलं आहे, चुकलं तर माफ करा'. अकरा जणांनी ऐकलं होतं. मामांनी मला हाक मारून बोलावलं. दुकानात त्यांनी मला स्वतःचं स्टूल दिलं, तेव्हाच मी समजले की काहीतरी वेगळं आहे.

मायच्या दारी माझ्या जुन्या चपला,
पाय निघाले सासरी, त्या दारातच राहिल्या.

एवढंच धृपद. लग्नात नवीन चपला घातल्या, जुन्या माहेरच्या दारात राहिल्या, आणि आता माय रोज झाडताना त्या उचलते, झाडते, पुन्हा तिथेच ठेवते, अशी पुढची कडवी. वाजंत्री काही नाही. मागे कुठेतरी शेळी ओरडते. मला रडू आवरेना. माझ्याही चपला शिरड शहापूरला आईच्या दारात होत्या, आणि आईने त्या टाकल्या की नाही हे मी कधी विचारलं नव्हतं. मामा म्हणाले, "बराबर हाय ना?" बस, एवढीच त्यांची पसंती.

त्यांनी तिला लिहिलं, 'वाजवू का?' तिचं उत्तर आलं, 'वाजवा', आणि मामांसारखंच खाली स्वतःचं पूर्ण नाव, गाव. तिला वाटलं, म्हातारा घरी वाजवणार.

पुढच्याच लग्नात मामांनी पुकारलं. मुक्काम पोस्ट गाव, तालुका, सौभाग्यवती म्हणून तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, "यांच्याकडून, गाणं!" गाणं वाजलं. मंडपात त्या वेळी नवरदेवाचा थोरला चुलता खुर्च्या मोजून घेत होता. त्याने गाव ऐकलं, आडनाव ऐकलं, 'यांच्याकडून' ऐकलं. त्या गावात त्यांची लांबची सोयरीक होती. त्याला वाटलं, पाहुणे आले नाहीत पण आहेर पाठवलाय. आणि आलेल्या आहेराची परतफेड नाही केली तर नाक कापलं जातं, हे आमच्याकडे लेकराला पण ठाऊक असतं. चौथ्या दिवशी तो माणूस जीप करून तिच्या दारात उतरला. एक साडी, एक टॉवेल-टोपी, पेढ्यांचा पुडा.

तिचा सासरा बुचकळ्यात पडला. "अहो, आमी तर लग्नाला आलोच न्हाई!"

"तुमी न्हाई आलात, पण तुमच्या सूनबाईनं गाणं पाठवलं ना! साऱ्या मंडपानं ऐकलं!"

तो बिचारा मोठ्या मनाने बोलत होता. चहा पिऊन, साडी ठेवून निघून गेला. नंतर त्या घरात काय झालं ते मला शेजारणीने सांगितलं. "सुनेचं नाव भोंग्यावर वाजून राहिलं!" म्हणून सासरा अंगणात थयथया नाचला. गाणं काय आहे ते घरात कुणी ऐकलं सुद्धा नाही; नवऱ्याने ते नेटवरून पुसायला लावलं, मोबाईलमधलं पण पुसायला लावलं. पुन्हा असं झालं तर माहेर बंद, अशी ताकीद. साडी मात्र सासूने नेसली.

मामांना कळलं तेव्हा ते दोन दिवस दुकानात मोबाईल हातात न घेता बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सिस्टर, तुमी लस द्यायला जाता ना तिथं? मला घेऊन चला. माफी मागतो." मी त्यांना माझ्या गाडीवर मागे बसवून नेलं. सासऱ्याने त्यांना ओट्यावर सुद्धा चढू दिलं नाही. उन्हात उभं करून वाट्टेल ते बोलला, आणि मामा, दुनियेला छ्या म्हणणारा माणूस, टोपी हातात घेऊन ऐकून घेत राहिले. मी आत तिच्याकडे गेले. ती तूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मामाला म्हणा, तकलीफ करून घेऊ नका. फक्त माझं नाव परत कुठं घेऊ नका. माहेर बंद झालं तर मी मरून जाईन." मी बाहेर येऊन सांगितलं. मामांनी मान हलवली. परत येताना गाडीवर एवढंच बोलले, "मी वाजवू का म्हणलं. मंडपात वाजवू का, नाव घेऊ का, हे काहून न्हाई म्हणलं मी?"

आता ते गाणं एकट्या मामांच्या मोबाईलमध्ये होतं. ते भोंग्यावर लावणार नाहीत, हे मला ठाऊक होतं, कारण नाव घ्यायचं नाही आणि नावाशिवाय ते वाजवत नसत. मी आठवडाभर त्यांच्या मागे लागले, मला द्या, मला द्या. शेवटी दिलं. "ऐका. पुढं धाडू नका." मी म्हटलं, "मामा, मी काय लहान आहे का?"

आणि मी ते माझ्या बहिणीला धाडलं. आता लिहिताना स्वतःचीच शिसारी येते, पण लिहिते. बहीण नांदेडला, तिच्याही चपला त्याच दारातल्या. मी लिहिलं, 'फक्त तुझ्यासाठी, कुणाला पाठवू नकोस'. तिने ते नणंदेला पाठवलं आणि वर लिहिलं, 'फक्त तुझ्यासाठी, कुणाला पाठवू नकोस'. नणंदेने ग्रुपवर टाकलं. माझं वाक्य सुद्धा गाण्याबरोबर गावोगाव फिरलं, म्हणे.

पाच-सहा महिन्यांत ते डीजेवर आलं. माय गेली, दार गेलं, शेळी गेली. राहिलं काय, तर 'चपला, चपला, चपला' आणि खाली धाडधाड. पोरं एका पायातली चप्पल काढून डोक्यावर धरून नाचायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दवाखान्याच्या मोरीत जाऊन ओकले. अतिशयोक्ती करत नाही, खरंच ओकले.

मग ती वरात. गाणं लिहिणारीच्याच गावातलं लग्न, तिच्या सासरच्या भावकीतलं. मला आमंत्रण होतं, मामा आहेर पुकारायला होते. मारुतीच्या पारापाशी डीजेवाल्याने चपला लावलं आणि सगळं गाव उसळलं. आणि पुढे कोण, तर तिचा सासरा! धोतराचा सोगा वर खोचलेला, गळ्यातला टॉवेल भिंगरीसारखा फिरवतोय, हातात पायातलं पायताण, तोंडात 'चपला, चपला'. घाम गळतोय, दात दिसताहेत. बायकांच्या घोळक्यात ती उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. मी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मामा कधी जनरेटरपाशी गेले मला दिसलं नाही. एकदम सगळं बंद पडलं. मामा डीजेच्या गाडीपुढे आपला फडकं गुंडाळलेला माईक धरून उभे. तो माईक चालू सुद्धा नव्हता.

सासरा ओरडला, "काहून बंद केलं हो? लई भारी गाणं हाय ते!"

"भारी हाय," मामा म्हणाले. "ते लिहिणाराला नाव हाय."

"कोणाचं हाय मग?"

गाव थांबलं. मला वाटलं, आता सांगतात. आयुष्यभर हा माणूस दुसरं काय करत आला होता? मामांनी बायकांकडे बघितलं. तिने पदर दातातून सोडला नाही, फक्त मान हलवली, नाही म्हणून. मामांनी माईक खाली केला.

"म्हाईत हाय मला. सांगत न्हाई."

"म्हाईत असतं तर सांगितलं नसतं का? म्हाताऱ्याला काय म्हाईत न्हाई!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले. पोरांनी मामांना धरून बाजूला केलं, एकाने त्यांची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली. जनरेटर सुरू झाला. सासरा पुन्हा नाचायला लागला. मी धावत जाऊन टोपी हिसकावून घेतली, पण जे ओरडायला हवं होतं ते माझ्या तोंडातून निघालं नाही. निघणार कसं? गाणं माझ्या हातून सुटलं होतं.

त्यानंतर मामांना कुणी आहेर पुकारायलाही बोलावेना. वरात बंद पाडणारा साउंडवाला कुणाला हवा? त्यांनी बॉक्स विकले, भोंगा भंगारात दिला. पुढे छातीत पाणी झालं, मुलीने हिंगोलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तर कानात वायर घालून पडलेले. मला बघून एक कान मोकळा केला. "गोंदियाकडचं पोरगं हाय. नऊ जणांनी ऐकलं. जरा सावकाश म्हणलं असतं तर..." आणि खोकला आला.

मी पाणी पाजलं आणि बसून राहिले. मला सांगायचं होतं. तीन वेळा तोंड उघडलं. शेवटी मामाच म्हणाले, "सिस्टर, ते गाणं माझ्या मोबाईलातून एकदाच भाईर गेलं व्हतं. तुमच्यापाशी."

मी पेला खाली ठेवला. "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत मला? चार शिव्या तरी घालायच्या!"

"कोणाकोणाचं नाव सांगत बसू?" ते म्हणाले, आणि वायर पुन्हा कानात घातली. मी रडत होते आणि ते त्या पोराचं गाणं ऐकत होते. त्याच आठवड्यात ते गेले. मुलीने त्यांचा मोबाईल कुणाला तरी देऊन टाकला, त्यातलं सगळं पुसून.

पंधरा दिवसांनी मी गाणं लिहिणारीच्या घरी गेले. तिला आता मुलगी होती, नऊ महिन्यांची, लस द्यायची होती. सासरा अंगणात बाजेवर बसला होता, मला बघून "या सिस्टर, या" म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं पण नाही. आत जाऊन पोरीला टोचलं, ती रडून गप्प झाली, आणि मग मी पोरीच्या मायला सगळं सांगितलं. मामा गेले ते, आणि गाणं कुणी बाहेर सोडलं ते. ती मला हाकलून देईल, निदान थुंकेल तरी, असं मनाशी धरूनच गेले होते मी.

तिने पोरीच्या दंडावरचा कापूस दाबून धरला. मग म्हणाली, "आवडलं व्हतं म्हणून धाडलं ना बहिणीला?"

"हो."

"तुमच्यापाशी हाय का अजून? डीजेचं न्हाई. माझं. मी तर पुसलं ना... दोन वर्सं झाले, ऐकलंच न्हाई."

मी मोबाईल काढला, आवाज अगदी बारीक केला आणि तिच्या हातात दिला. ती भिंतीला टेकली आणि तिने कानाला लावून पूर्ण ऐकलं, शेळीसकट. बाहेर सासरा कुणाशी तरी सोयाबीनच्या भावाचं बोलत होता. गाणं संपल्यावर तिने ते पुन्हा लावलं आणि मोबाईल पोरीच्या कानाशी नेला. मग दाराकडे एकदा बघून, हळूच, तिने स्वतःचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावाचं. म्हणाली, "तिचं गाणं हाय हे."

पोरीने मोबाईल दोन्ही हातांनी ओढला आणि तोंडात घातला.